बागेतले जर्मनकाका

गाडीचा आवाज आला की जर्मनकाका आधी झाडाआड जात. सत्तरी ओलांडलेला, सहा फूट उंच, निळ्या डोळ्यांचा हा माणूस संत्र्याच्या बुंध्यामागे अंग चोरून उभा राही आणि कोण उतरतंय ते फांद्यांतून पाही. काटोलजवळची आमची बाग त्यांच्या बागेच्या धुऱ्याला लागूनच. मी विचारलं की म्हणत, "गाडीतून उतरनारा मानूस काही ना काही न्यालेच येते, बाई."

त्यांचे आजोबा जर्मनीहून रेल्वेच्या पुलावर सुतारकामाला आले आणि काम संपल्यावर परत गेलेच नाहीत. कोणी फुकट घेणार नाही असा दगडगोट्यांचा माळ त्यांनी घेतला. ते विहीर खोदत, आजी वरून माती ओढी. पाणी लागलं तेव्हा दोघं म्हणे तिथेच बसून रडले. मग जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटांवर संत्र्याच्या डोळ्यांची कलमं बांधून बाग उभी केली. ती फळावर आली आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. शत्रूच्या देशाचा माणूस म्हणून पोलीस आजोबांना मोटारीत घालून घेऊन गेले. "संध्याकाळपर्यंत येतो," असं सांगून गेलेले आजोबा सहा वर्षांनी आले. तोवर आजीनं एकटीनं बाग जगवली, दर आठवड्याला ठाण्यात हजेरी दिली आणि लोकांसमोर जर्मन बोलणं बंद केलं. "मले त्यातला एक शब्द येत नाही," हे काका कोणी न विचारताच सांगत.

एकदा रस्त्याच्या मोजणीची जीप आली आणि काका दिसेनात. मी आधी विहिरीत डोकावले. शेवटी ते बागेच्या टोकाला सापडले, उकिडवे बसलेले, तोंडावर हात दाबून.

"गेले का वं?"

"गेले, काका. नुसतं मोजून गेले."

"पहिले मोजतेच. मंग नेते."

मी समजूत घालायला गेले होते. पण मीही त्यांच्याशेजारी उकिडवी बसले आणि फांद्यांतून रस्त्याकडे पाहत राहिले.

काकांनी लग्न केलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखू लागलं, तेव्हा ॲम्ब्युलन्स मीच बोलावली. ती पाहताच त्यांनी खाटेची कड घट्ट धरली.

"कुठं नेऊन राहिले मले?"

"नागपूरले, दवाखान्यात. मी हाये ना सोबत."

नागपूर येईस्तोवर त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

तिसऱ्या दिवशी ग्लानीत काका बोलू लागले. भरभर, मोठ्यानं, आईकडे हट्ट करणाऱ्या पोरासारखे. मला एक अक्षर कळेना. सलाइन बदलणारी नर्स थांबली.

"ताई, कोणती भाषा बोलून राहिले हे?"

आता त्यांना कोण नेणार होतं? तरी मी दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या काटोलकडचीच हाये."

ती गेल्यावर मी त्यांच्या कानाशी वाकले. "काका, हळू बोला."

त्यांनी ऐकलं. दुपारी श्वास थांबेपर्यंत ते नुसते ओठ हलवत राहिले.