आक्कांचा फ्रीजर आणि सुरेखाची करवंदं

पौडजवळ भाड्याच्या खोलीत राहून मला तीन वर्षं झाली. मी मूळचा नांदेडचा, नोकरी आयटीत. खोलीबरोबर घरमालकांचा अर्धा फ्रीजरही वापरायला मिळाला. आता त्यात बर्फ कमी आणि किस्से जास्त साचलेत, म्हणून म्हटलं जरा मोकळा करावा.

*

सुरुवात सुरेखाच्या फोननं झाली. सुरेखा म्हणजे घरमालकीण आक्कांची लेक. स्वतःच्या पसंतीनं लग्न करून कॅनडाला गेली, तेव्हापासून चार वर्षं तिचे वडील, अण्णा, तिच्याशी बोललेले नाहीत. ती म्हणाली, "आई, हितं आमी ताजी क्रॅनबेरी फ्रीज करून वर्षभर खातो. तशी करवंदं ठेव. ऱ्हायली तर दिवाळीला खायाला येते."

ती हसत म्हणाली होती. आक्कांनी मात्र शब्दच धरला. करवंदं टिकली तर लेक येणार, नाही तर नाही.

त्यांनी करवंदं धुतली आणि ओलीच डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवली. सकाळी डब्यातून एकच दगड निघाला. आक्कांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि मला म्हणाल्या, "आरं, ह्यातलं करवंद कुटलं?"

*

मग कॅनडाहून रीतसर सूचना आल्या. धुवायची, पुसून कोरडी करायची, ताटात सुटी पसरून गोठवायची आणि मगच डब्यात भरायची. पुसायला मला बसवलं. करवंदाला चीक असतो हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या हजेरीच्या मशीननं माझा अंगठा ओळखला नाही. चारदा लावून पाहिला. एचआरच्या मॅडमनी कारण विचारलं, मी खरं ते सांगितलं. त्यांनी कीबोर्ड पुढं ओढला.

"करवंदं पुसली, हे मी कुठल्या कॉलममध्ये टाकू?"

*

ढग गडगडले की अण्णा घराचा मेन स्विच पाडतात. जुनी सवय. ते पाडायचे, आक्का पुन्हा वर करायच्या.

"वीज पडली तर फ्रिज ऱ्हाईल का?" अण्णा.

"आन करवंदं गेली तर फ्रिजला काय चाटू?" आक्का.

शेवटी दोघं माझ्याकडे वळले. "तू इंजिनेर हाईस, तूच सांग." मी म्हटलं, मी सॉफ्टवेअरचा, मला विजेतलं कळत नाही.

अण्णा खरोखरच गोंधळले. "मग पगार कशाचा देत्यात?"

*

एकदा शेजारणीच्या नातवाला कपाळावर टेंगूळ आलं. ती बर्फ मागायला आली. बर्फ नव्हता. आक्कांनी करवंदांचा डबा मागे सरकवला आणि माझी मटारची पिशवी काढून दिली.

मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "मटार काय, बाजारात मिळतूय."

पिशवी संध्याकाळी परत आली. त्या मटारची उसळ केली का, ते विचारू नका.

*

जुलैत झाडं पडली आणि तीन दिवस लाईट गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी फ्रीजर उघडला, तर डबाच नाही. घरात माणसं तीन. आक्का माझ्याकडे बघायला लागल्या. "खाल्लीस का रं? खरं सांग, रागवणार न्हाई." मी देवाची शपथ घेतली, पण चहा त्या दिवशी बिनसाखरेचा आला.

दुपारी मेणबत्त्या आणायला पौडला गेलो. बाजारात मासळीच्या दुकानापुढं अण्णा उभे होते. अण्णा माळकरी. त्या दुकानावरून जाताना ते रस्ता ओलांडून पलीकडे जातात. आणि इथं मासळीवाली त्यांच्या देखत बर्फात हात घालून, बांगड्यांच्या शेजारचा आक्कांचा डबा नीट दाबून बसवत होती.

अण्णांनी मला बघितलं. "घरी बोलू नगंस."

नाही बोललो. दोन दिवस चोर म्हणून राहिलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईट आली, पाठोपाठ सुरेखाचा फोन. आक्कांनी स्पीकरवर टाकला.

"आई, लाईट नव्हती म्हणं. करवंदं हायेत ना?"

आक्कांनी डोळ्याला पदर लावला. तेवढ्यात अण्णा आत आले. डबा आक्कांच्या मांडीवर ठेवला. आक्कांनी झाकण काढलं, वास घेतला, आणि अण्णांच्या गळ्यातल्या माळेकडे बघतच राहिल्या.

"आई? गेली का गं?"

अण्णांनी फोन उचलला.

"हायेत. जरा वास लागलाय, धुऊन दिवू. तू कवा येतीयास?"