बत्तीस वेळा होय

सरांनी आपलं वकिलीचं कार्यालय माझ्या आणि माझ्या भागीदाराच्या हवाली केलं, त्या दिवशी मी वहीत सतरा कामं लिहून काढली. दारावरची पाटी बदलणे, भाडेकरार नव्याने करणे, पक्षकारांना नवे फोन नंबर कळवणे, कपाटाच्या जादा किल्ल्या करून घेणे. महिन्याभरात सगळी उरकली आणि मी एकेक करून रेघ मारली. अकराव्या कामावरची रेघ मात्र मला पुढे परत खोडावी लागली. ते काम होतं, ‘दिवस छापून घेणे’.

बाहेरच्या माणसाला याचा अर्थ लागायचा नाही. आमचं कार्यालय फक्त अपघातात जखमी झालेल्यांचे भरपाईचे दावे चालवतं. सरांची त्यात एक पद्धत होती. साक्ष असो की तडजोड, त्याआधी वकिलानं स्वतः जखमी माणसाच्या घरी जायचं, सकाळीच जायचं, आणि त्याचा दिवस लिहून आणायचा. तो अंथरुणातून उठतो कसा, चूळ कुठल्या हातानं भरतो, बटणं कोण लावून देतं. पहिला अर्धा तास काही विचारायचं नाही. फाईल पिशवीतून काढायची नाही. चहा आला तर घ्यायचा. “जखम डॉक्टर लिहितो, दिवस आपण लिहायचा,” असं सर म्हणायचे. पक्षकार आधी आणि कागद नंतर, हे त्यांनी आम्हाला भाषणातून नव्हे, पन्हाळ्याच्या चढावर स्कूटर ढकलायला लावून शिकवलं.

फक्त त्यांचे ते कागद! कुठल्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर, कुठे कॅलेंडरच्या पानावर, एकावर तर आमटीचा डाग. मी पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि त्यातली निम्मी ते कागद शोधण्यात गेली असं मला वाटतं. म्हणून मी छापील नमुना केला. बत्तीस ओळी, प्रत्येकीपुढे दोन चौकोन. केस विंचरता येतात, होय किंवा नाही. कळशी उचलता येते, होय किंवा नाही. माझा भागीदार माझ्याहून बारा वर्षांनी लहान, गूळ मार्केटात पिढीजात दुकान असलेल्या जैन घरातला, टापटिपीचा. नमुना बघून तो खूश झाला. “मॅडम, आता कसं ऑफिस असल्यासारखं वाटतंय.” भेटेल त्याला आम्ही सांगत होतो, पद्धत सरांचीच आहे, आम्ही नुसती ती ओळीत बसवली. आणि ते आम्हाला खरंच वाटत होतं.

पण चौकोन समोर असले की माणूस घरी जात नाही, फोन उचलतो. माझं तेच झालं. 

उचगावच्या एका बाईंचा दावा होता. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून चालल्या होत्या, हायवेच्या वळणावर ट्रकनं उडवलं. नवऱ्याचं खरचटण्यावर निभावलं, बाईंचा उजवा खांदा मोडला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. आमच्या हातात चाळीस दावे होते, लोकअदालत तोंडावर आली होती, मी दुपारी फोन लावला आणि बत्तीस प्रश्न विचारून टाकले. सात मिनिटं लागली. “होय”, “येतंय की”, “व्हय व्हय”, “जमतंय सगळं”. मी खुणा करत गेले. शेवटी बेरीज पाहिली नाही. वहीत ‘दिवस – झाला’ असं लिहिलं आणि तो कागद बाकीच्या कागदांबरोबर यादी जोडून कोर्टात दाखल केला. सरांनी आपले कागद कधीच दाखल केले नव्हते, ते त्यांच्या स्वतःच्या माहितीसाठी असत. पण आमचा कागद दिसायलाच इतका चांगला होता!

गुरुवारी विमा कंपनीच्या वकिलांचा फोन आला. लोकअदालत शनिवारी.

“मॅडम, तडजोडीचा आकडा निम्म्यावर आणलाय बघा.”

“का?”

“तुमच्या बाई ठणठणीत हायत की! तुम्हीच लिहून दिलंय. बत्तीसला बत्तीस. माझ्या मिसेसला एवढं होत न्हाई.” 

ते हसले. मी फाईल उघडली. एका बाजूला सरकारी दवाखान्याचा दाखला, खांदा वर उचलला जात नाही असा. दुसऱ्या बाजूला माझ्या हातच्या बत्तीस खुणा, सगळ्या एका रांगेत. 

मला बसवेना. भागीदाराला सांगितलं. तो टेबलावरची पेनं सरळ करत राहिला, मग म्हणाला, “सरांना विचारूया?” मी लावला फोन.

“बाईंच्या घरी कोण गेलतं?” सरांनी विचारलं.

“फोनवर घेतली माहिती.”

“असं. मग लोकांना अपघातपण फोनवरच करून घ्यायला सांगा.” मग म्हणाले, “आता मला विचारायचं न्हाई. कार्यालय तुमचं हाय.” आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी उचगावला होते. नवरा कागलच्या एमआयडीसीत, पहिल्या पाळीला. मुलगी कामाला गेलेली. बाई पुढच्या सोप्यात बसून होत्या आणि शेजारच्या घरातली थोरली जाऊ त्यांची वेणी घालत होती. मी दिसताच बाईंनी पदर सारखा केला, डाव्या हातानं.

“बसा की वकीलबाई. आज कसं काय येणं केलंसा?”

मी बसले. चहा आला, जाऊबाईंनी केला. अर्धा तास मी काही विचारणार नव्हते, पण इतका अवघड अर्धा तास मी कोर्टातही काढलेला नाही. डोक्यात एकेक प्रश्न उभा राहत होता आणि समोरच त्याचं उत्तर मिळत होतं. जाऊबाईंनी पीठ मळलं. भाकरी त्यांनीच थापल्या. आतली म्हैस रेकली तशा त्या उठल्या, “आलो आलो, तुझी मालकीण काय येत न्हाई,” म्हणत वैरण टाकून आल्या. बाई भाकरी उलटायला पुढे झाल्या, डाव्या हातात उलथनं धरून, तर जाऊबाई ओरडल्या, “सर की बाजूला! काल पोळलीस न्हवं का!”

मग मला राहवलं नाही. पिशवीतून तो नमुना काढला आणि बाईंपुढे धरला.

“वहिनी, तुम्ही मला फोनवर सगळ्याला होय म्हणालात. कळशी उचलता येते, वेणी घालता येते, भाकरी थापता येते.”

जाऊबाईंनी कपाळावर हात मारला.

“अगं बया! त्या दिवशीचा फोन व्हय त्यो! वकीलबाई, तुम्ही फोन केलासा तवा घरात कागलचं पावणं बसलं हुतं. पोरगीला बघायला आलतं. सगळी ह्या सोप्यात. आणि तुम्ही तकडनं इचारताय वेणी घालता येती का.”

“मोठ्यानं बोलत हुता तुम्ही,” बाई खाली बघून म्हणाल्या. “फोनातनं सगळं ऐकू येत हुतं. मुलाची आई माझ्या शेजारीच बसली हुती. तिच्यासमोर काय सांगू, माझा हात गेलाय म्हणून? आई अधू म्हटल्यावर पोरगी सारखी माहेराकडं पळणार, असंच धरून चालत्यात लोक. चहापण ह्या आक्कांनी केला आणि म्या नुसता ट्रे धरल्यागत केलं.”

“ट्रेपण माझ्याच हातात हुता,” जाऊबाई म्हणाल्या.

त्या दोघी हसल्या. मला हसता येईना. मी त्यांना सांगायला हवं होतं ते सांगितलं, वहीत रात्री लिहून ठेवलेल्या क्रमानं, कारण नाहीतर मी काहीतरी गाळलं असतं. हा कागद दाखल करणं ही माझी चूक. घरी न येता फोन केला ही त्याआधीची चूक. आता उद्या तडजोडीवर सही केली तर निम्म्या भरपाईवर दावा कायमचा संपेल, परत कुठे जाता येणार नाही. सही नाही केली तर दावा पुढे चालेल, पण त्यांना साक्ष द्यावी लागेल. भर कोर्टात सांगावं लागेल की वेणी येत नाही, भाकरी येत नाही. वहीत नसलेलंही सांगितलं, कागल जवळ आहे, सोयरीक जमवणाऱ्यांच्या कानावर जायला वेळ लागत नाही.

“म्हंजे पोरगीचं लगीन का माझा हात,” बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, “घाई नको. संध्याकाळपर्यंत कळवा. दुसरा वकील करायचा असेल तर मी फाईल स्वतः आणून देईन.”

“वकील काय बदलतासा,” जाऊबाई फटकन म्हणाल्या. “पण मी म्हणतो, मी तरी किती वर्सं हिच्या भाकरी थापू? माझं गुडघं बघा. उद्या माझी सून आली तर ती म्हणंल, दोन घरचं कोण करणार. एक बाई ठेवायची म्हटलं तर पैसं कुठनं आणायचं?”

बाईंनी जावेकडे बघितलं. बहुतेक एवढं उघड त्यांच्यात कधी बोललं गेलं नव्हतं.

परतताना मी तीन ठिकाणी चुकीचं वळण घेतलं. कार्यालयात भागीदार वाट बघत होता. त्यानं एक तोड काढून ठेवली होती. कागद नजरचुकीनं जोडला गेला असा अर्ज द्यायचा, मागे घ्यायचा.

“आणि तो भरला कोणी, कसा, असं विचारलं तर?”

“तर... साक्ष लागेल.”

“कोणाची?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पेनं सरळ करणं थांबवलं. मी साक्षीदार झाले तर तो दावा मला चालवता येणार नव्हता, वकीलपत्र सोडावं लागणार होतं. आणि पूर्ण कोर्टात बातमी होणार होती, की सर घरी बसले आणि यांनी वर्षभरात फोनवर जखमा मोजायला सुरुवात केली. हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून तर कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये बसायला जागा नसते, ऐकणारे कान दुप्पट झालेत.

“सगळे हसतील मॅडम,” तो म्हणाला.

“हसतील की.”

“आपलं पहिलंच वर्ष आहे.”

“म्हणूनच म्हणतेय. आता झाकलं तर पुढच्या वेळी झाकणं सोपं जाईल.”

त्यानं फाईल माझ्या टेबलावरून उचलून स्वतःच्या टेबलावर ठेवली. “मला बाईंची नीट ओळख पण नाही. रविवारी सकाळी जातो उचगावला. चहा पितो. तुमचा फॉर्म नेत नाही.”

पण रविवारची वेळ येणार की नाही हेच अजून ठरलं नव्हतं. पाच वाजले, साडेपाच वाजले. मी तीन वेळा फोन उचलून खाली ठेवला. सहाला दहा कमी असताना बाई स्वतःच आल्या, बरोबर मुलगी. बाई बसल्या, मुलगी उभीच राहिली.

“सही करत न्हाई,” बाई म्हणाल्या.

“घरात बोलणं झालं?”

“मी सांगून टाकलं,” मुलगी म्हणाली. “त्यांच्या घरी. फोन लावला आणि सांगितलं, आईचा हात उचलत नाही, त्या दिवशी आम्ही लपवलं. आणि लग्नानंतर मी येणार आईकडे, लागेल तेव्हा येणार.”

“काय म्हणाले ते?”

“विचार करून कळवतो म्हणाले.”

“आगाऊ हाय कार्टी,” बाई म्हणाल्या. “मला इचारलं पण न्हाई.”

शनिवारी आम्ही तडजोड नाकारली आणि मी वकीलपत्र सोडलं. रविवारी भागीदार उचगावला गेला आणि सात पानं लिहून घेऊन आला, पाठपोट, वेडीवाकडी. मी ती टाईप करून देते म्हटलं तर त्यानं दिली नाहीत.

साक्षीचा दिवस दोन महिन्यांनी आला. मी साक्षीदार, त्यामुळे बाईंची साक्ष चालू असताना मला आत थांबता येत नव्हतं. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी आमच्याच दाव्यात दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. काळा कोट घातला नव्हता. येणारे-जाणारे विचारत होते, “मॅडम, इथं का?” मी उठले, जिन्यापर्यंत गेले, परत आले. दाराला कान लावावा असं वाटलं, तेही करून झालं, ऐकू काही आलं नाही. मध्येच आत मोठा हशा झाला. बाईंना हसताहेत, की मला?

अर्ध्या तासानं बाई बाहेर आल्या, मागे जाऊबाई. बाईंच्या चेहऱ्यावर घाम होता.

“काय झालं आत? कोण हसलं?”

“त्यांच्या वकिलानं इचारलं, तुम्ही फोनवर होय म्हटलासा का? म्या म्हटलं, म्हटलो की. तुमच्या घरात पावणं आल्यावर तुम्ही काय दुखणी सांगत बसता व्हय?”

“जज्जसायब पण हसलं,” जाऊबाई म्हणाल्या. “आणि टाईप करणाऱ्याला म्हणालं, हिच्याच शब्दात घ्या.”

“त्यांच्याकडनं काही कळलं का? सोयरिकीचं?” मी विचारलं.

बाईंनी मान हलवली. “अजून न्हाई. बघू.” त्यांनी डाव्या हातानं पदर खोचायचा प्रयत्न केला, जमला नाही, जाऊबाईंनी खोचून दिला.

तेवढ्यात शिपायानं माझ्या नावाचा पुकारा केला. वकील म्हणून मी तो उंबरा हजारदा ओलांडला असेन, तेव्हा पावलांकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. पिंजऱ्यात उभी राहिले. शपथ झाली. माझा भागीदार समोर उभा होता, हातात ती वेडीवाकडी पानं. त्यानं सरळ विचारलं, माझ्याकडे न बघता, जसं कुठल्याही साक्षीदाराला विचारावं तसं.

“हा नमुना भरताना तुम्ही अर्जदाराच्या घरी गेला होता का?”

“नाही.”

“अर्जदाराला यातलं एकही काम करताना तुम्ही पाहिलं होतं का?”

“नाही.”

“मग या बत्तीस खुणा कशावरून केल्या?”

विमा कंपनीचे वकील पुढे झुकले होते. मागच्या बाकांवर ओळखीचे चार-पाच कोट होते. मी जे घडलं ते सांगायला सुरुवात केली, फोन किती वाजता लावला इथपासून, आणि टाईप करणारा मागे पडू नये म्हणून हळू सांगत गेले.