भिंगमावशीचे दोन चष्मे

कल्पना करा, इंजेक्शनची भरलेली कुपी तुमच्या हातात आहे. मानेला धरून ती हलकेच उलटी करायची. पाच सेकंद काळ्या पडद्यासमोर, पाच सेकंद पांढऱ्यासमोर. आत कण दिसला की कुपी बाद. वीस मिनिटांनी सक्तीची विश्रांती, कारण थकलेला डोळा सगळंच पास करतो.

औषधांच्या कारखान्यात भिंगमावशी हे काम एकोणीस वर्षं करतेय. गेल्या वर्षी ती प्रत्येक ट्रे दोनदा तपासू लागली. विश्रांतीची घंटा झाली तरी जागची उठेना, डबाही उघडेना. सुपरवायझर खूश. त्याने सगळ्यांना तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. "मावशींकडून शिका जरा."

"शिका म्हणे," मावशी आता करवादते. "पहिल्यांदा काय बघितलं ते डोक्यात राहत नव्हतं, म्हणून दोनदा बघायचे. आणि उठत नव्हते, कारण उठवत नव्हतं."

तेव्हा तिला वाटलं, डोळे गेले. घरच्यांनाही तेच सोयीचं वाटलं. एक चष्मा झाला, दुसरा झाला, फरक शून्य. तिसऱ्यांदा गेली तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्र बाजूला सारलं.

"नंबर तोच आहे. झोप लागते?"

"पहाटे तीनला जाग येते, मग नाही."

"जेवण?"

"सगळ्यांना वेळेवर वाढते."

"तुमचं विचारतेय मी."

मावशी त्या उंच खुर्चीतच रडायला लागली. बाहेर रांग खोळंबली. बाईंनी तिला रडू दिलं आणि चिठ्ठीवर मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहिलं.

निदान निघालं नैराश्य. घरी नवरा म्हणाला, "तुला? अगं, काल तर बहिणीशी फोनवर खिदळत होतीस."

"मग काय फोनवर गळा काढू?"

"पण तुला कमी काय आहे?"

"तुम्हाला मधुमेह झाला तेव्हा मी असं विचारलं होतं?"

नवऱ्याने दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाला, "गोळ्या घे. पण कामावर बोलू नकोस. तपासणीवरून काढतील, झाडू हातात देतील."

भीती तिलाही तीच होती. एकोणीस वर्षांत त्या दिव्यासमोरच्या स्टुलाखेरीज स्वतःचं म्हणावं असं तिच्याकडे काही नव्हतं. म्हणून जेवणाच्या टेबलावर बाकीच्या बायका बीपीच्या, थायरॉइडच्या गोळ्या एकमेकींना दाखवत घ्यायच्या आणि ही आपली गोळी बाथरूममध्ये जाऊन गिळायची.

दीड-दोन महिन्यांत झोप परतली. ट्रे एकदाच बघितला तरी पुरू लागलं. घंटा झाली की ती उठायची, डबा खायची. सुपरवायझर लगेच म्हणाला, "मावशी, हल्ली ढिल्या पडलात."

"एक तरी चुकीची कुपी पुढे गेली?"

"तसं नाही हो. पण पूर्वीसारखा जोर नाही राहिला."

मग कामगारांच्या वार्षिक आरोग्य तपासणीचा फॉर्म आला. त्यात 'चालू औषधे' असा रकाना. चार दिवस तो कागद पिशवीत घेऊन ती फिरली. पाचव्या दिवशी गोळीचं नाव, ती कशासाठी आहे तेही लिहिलं आणि फॉर्म टेबलावर ठेवला.

सुपरवायझरने वाचलं, आवाज खाली आणला. "हे खोडा ना. डोळे पास आहेत तुमचे. उगाच वरचे विचारतील, ही बाई आजारी आहे का म्हणून."

"विचारू देत. पण साहेब, आधी तुम्ही सांगा," मावशी म्हणाली. "जेवत नव्हते, उठत नव्हते, तेव्हा टाळ्या. आता जेवते, उठते, तर ढिली. तुमच्या हिशेबाने मी आजारी नक्की कधी होते?"