भाऊजींची डिस्क आणि तिचा ताप

माझ्या थोरल्या दिरांइतका यंत्रांच्या तब्येतीला जपणारा माणूस अख्ख्या ठाण्यात शोधून सापडायचा नाही. कोपरीला त्यांच्या घरी जा, पाणी विचारायच्या आधी विचारतील, "तुमची हार्ड डिस्क बरी आहे ना?" डोंबिवलीच्या एका लग्नात तर आहेराचं पाकीट देता देता नवऱ्या मुलाच्या कानात सांगितलं, "कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स घाल, आणि डिस्कवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम घाल. बाकी संसार होतो आपोआप."

त्यांच्या स्वतःच्या डिस्कवर माईंचा, म्हणजे माझ्या जाऊबाईंचा आवाज होता. भोंडल्याची गाणी, मध्येच "अहो, कुकर बंद करा". मूळ कॅसेटी बुरशी आली म्हणून केव्हाच टाकलेल्या. माई ध्यानीमनी नसताना गेल्या, आणि तेरावं झाल्यावर भाऊजींनी काळ्या पडद्यावर दोन ओळी टाइप करून तो प्रोग्राम बसवला. मग रोज चहाला डिस्कचं तापमान मोठ्याने वाचायचे. "अडतीस. ताप नाही." मी म्हणायचे, "अहो, एक कॉपी काढून ठेवा ना." तर म्हणे, "दुखलं-खुपलं तर मेल येतो गं. त्या दिवशी काढू. धडधाकट माणसासाठी कोणी तिरडी आणून ठेवतं का?"

श्रावणात एका सकाळी डिस्क टकटक वाजली आणि गप्प झाली. माजिवड्याच्या दुरुस्तीवाल्याने मान हलवली. "काका, यातून काही निघायचं नाही. आधी इशारा नव्हता आला?"

"नव्हता," भाऊजी ठामपणे म्हणाले.

आला होता. माईंचा फोन माझ्याकडे होता, त्यात मलाच सापडला. बिघाड कोणाला कळवायचा, तो पत्ता प्रोग्रामला द्यावा लागतो. गॅसपासून बँकेपर्यंत या घरातला प्रत्येक निरोप जन्मभर माईंकडे जायचा. भाऊजींच्या बोटांनी सवयीने त्यांचाच पत्ता घातलेला. अकरा इशारे, एकही न उघडलेला.

मी फोन पुढे धरला. भाऊजींनी अकराच्या अकरा वाचले. "ताप तर नव्हता," म्हणाले. मग हळूच, "तिलाही नव्हता."

नवी डिस्क आली. रिकामी. तरी प्रोग्राम बसवलाच. पत्ता घालायची वेळ आली तेव्हा मी शेजारीच उभी होते. त्यांनी माईंचाच घातला, या खेपेला एकेक अक्षर बघून. रोज सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी माईंचा मेल आता मी उघडते.