गाली मोजणारं यंत्र

पोरीनं भिंतीवर टांगलेलं ते यंत्र मी पहिल्याच दिवशी घड्याळ समजलो. बाबांच्या खोलीत पांढरी डबी, तिच्यावर ठळक आकडा: १२४५. पाऊण वाजला म्हणून मी हात धुऊन ताटावर जाऊन बसलो. बायको अजून भाजी निवडत होती.

"दहा नाई वाजले, काऊन येऊन बसले?"

मी भांडलो. खात्री करायला परत खोलीत गेलो, तर आकडा १३१० झालेला. तोही मी मोठ्या आवाजात वाचून दाखवला. त्या दिवशी घरात जेवण वेळेवर झालं, हसणं मात्र खूप आधी उरकलं.

पोरगी हैदराबादला एका कंपनीत आहे. मोठमोठ्या इमारतींत अशा डब्या लावायच्या आणि कुठल्या खोलीतली हवा कोंदली हे मोबाईलवर पाहत बसायचं, असं तिचं काम. बंद खोलीत माणसांनी सोडलेला श्वास साचत जातो, तो ही डबी मोजते. हवा बरी असली की दिवा हिरवा, मग पिवळा, मग लाल. लाल झाला की डबीतली बाई बोलते. आजोबांना दमा, आणि आदिलाबादच्या थंडीत म्हातारा खिडकीची फट उघडू देत नाही, म्हणून तिनं एक डबी आमच्या मावला गावातल्या घरी आणून लावली. मराठी त्या बाईला येत नव्हती. पोरीची सगळी शाळा तेलुगूत झालेली, तिनं तेलुगू लावून दिलं.

"गाली बागा लेदु. किटिकी तेरवंडि."

हवा बरी नाही, खिडकी उघडा. तेलुगूत गाली म्हणजे हवा. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबांना नव्हतं. बाबांचं घर मराठी आणि नोकरी उर्दू. तहसिलीत चपराशी होते, आणि जुन्या अंमलदारांच्या हाताखाली त्यांनी गालीचा एकच अर्थ शिकला होता: शिवी. तो मात्र पक्का शिकला होता. बैलाला, बसला, पावसाला, सगळ्यांना द्यायचे. सर्वांत जास्त माझ्या बायकोला. मीठ कमी पडलं म्हणून, जास्त पडलं म्हणून, आणि बरोबर पडलं तर दुसरं काही निमित्त उरलं नाही म्हणून. माझ्या सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या घरात त्यांचं नाव रोज दोन्ही वेळेला निघायचं.

एका सकाळी भाकर करपली. बाबांनी खाटेवरूनच सासऱ्यांचा उद्धार केला, आणि नेमका त्याच वेळी दिवा लाल झाला.

"गाली बागा लेदु," बाई म्हणाली.

बाबा थबकले. "हे काय म्हणून राह्यलं बे?"

मी तोंड उघडायच्या आत बायको दारातून म्हणाली, "तुमची गाली मोजून राह्यलं, मामाजी. बरी नाई म्हनते. हैदराबादले नातीच्या मोबाईलवर जाते सारं."

शेवटचं वाक्य तर खरंच होतं. आणि साऱ्या दुनियेत बाबांनी जिला कधी गाली दिली नाही असं एकच माणूस होतं, ती नात. तिला ते 'माय' म्हणत. तिच्यासमोर आपली अब्रू राहावी एवढीच म्हाताऱ्याची उरलेली इस्टेट.

बाबा गप्प झाले. घर इतकं शांत झालं की शेजारीण विचारायला आली, म्हातारं गेलं की काय. मुधोळहून माझा मेहुणा मुद्दाम हा चमत्कार पाहायला आला. बापाच्या नावाचा हिशेब त्याच्याही पोटात होताच. त्यानं बाबांच्या चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. बाबांनी पहिला घोट घेतला, डबीकडे पाहिलं, आणि अख्खा कप संपवला.

"कसा झाला चहा, बाबाजी?"

"बेस झाला."

आम्ही स्वयंपाकघरात तोंडात पदर, रुमाल, मिळेल ते कोंबून हसलो.

पण खिडकी बंदच. त्यामुळे बाबा गप्प बसले तरी दिवा लाल व्हायचा. एकदा दाराच्या फटीतून पाहिलं, तर ते डबीपुढे हात जोडून उभे. "म्या काई म्हटलं नाई, माय. निस्ता खोकललो." नंतर त्यांच्या मनानं घेतलं की खोकलाही मोजला जातो. तेव्हापासून उबळ आली की तोंडात टॉवेल. याची नक्कल मी ऑफिसात करून दाखवली. माझी नक्कल बरी होते, दोनदा करायला लावली.

त्यात पोरीचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"पप्पा, आजोबाच्या खोलीत लई लाल दिसून राह्यलं. काऊन?"

मी काही बोलायच्या आत बाबा मान खाली घालून आपल्या खोलीत निघून गेले. "उघडतो खिडकी," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

पूस महिन्यात एक दिवस आभाळ आलं, दुपारीही हात गारठत होते. बाबांनी पेटत्या कोळशांची शेगडी खोलीत नेली आणि दार लोटून घेतलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दार ते हल्ली लोटूनच घेत. मेहुणा त्या दिवशी परत आला होता; जेवून आम्ही पुढच्या खोलीत लवंडलो. आतून बाई सुरू झाली. गाली बागा लेदु.

"मामाजी मनातल्या मनात देऊन राह्यले," बायको म्हणाली.

"आमच्या बापालेच असंल," मेहुणा म्हणाला.

बाई थांबेना. गाली बागा लेदु, किटिकी तेरवंडि. मला झोप लागत होती, ती मोडली, म्हणून मी डबी बंद करायला उठलो. दार उघडलं. बाबा खाटेवरून खाली कलंडलेले, टॉवेल तोंडातच.

मेहुण्यानं पाय धरले, मी खांदे. अंगणात आणलं. बायकोनं टॉवेल ओढून काढला, तोंडावर पाणी मारलं. ऑटो येईपर्यंत त्यांना ओकारी झाली आणि डोळे उघडले. माझी बाही धरून म्हणाले, "पोरीले सांग बाप्पा, म्या मनातबी नाई देल्ली."

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. पोरीनं डबी लावल्याचं मी डॉक्टरांना सांगून बसलो होतो. ते म्हणाले, "बंद खोलीत शेगडी? मग त्या मशीननं काही सांगितलं नाही का?"

"सांगत होतं," मी म्हणालो.

संध्याकाळी मास्क काढल्यावर मी बाबांना सांगितलं की तेलुगूत गाली म्हणजे हवा, बाकी काही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पायथ्याशी बसून त्यांचे तळपाय चोळणाऱ्या सुनेकडे पाहिलं. आता यावी, मी मनात म्हटलं, आता तरी एक सणसणीत यावी. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाहेर बाकड्यावर बसल्यावर बायको पदराला हात पुसत म्हणाली, "पंचवीस वर्सं मले देल्ल्या, माह्या मेलेल्या बापाच्या नावानं. तवा कोनाच्या घरी लाल दिवा लागला नाई."