डोलकाठीवरचं पातेलं

सकाळचं दाट धुकं. तांडेलकाकांच्या ट्रॉलरवरच्या रडारला समोरचा समुद्र रिकामा दिसत होता, आणि तरी एक राखाडी युद्धनौका अगदी आमच्या जवळून सरकत गेली. तिरप्या, गुळगुळीत भिंती; ना खिडकी, ना माणूस.

असल्या जहाजांच्या खर्चावरून काल टीव्हीवर भांडण चाललं होतं. मी घरात बसून 'खर्च हवाच' म्हणालो होतो. रडारला दिसू नये म्हणून तिच्यावर एवढा पैसा. आणि मोठ्या जहाजांच्या रडारला दिसावं म्हणून काकांनी डोलकाठीला ॲल्युमिनियमचं जुनं पातेलं बांधलेलं.

"गेली एकदाची," मी म्हणालो.

"असली एकटी फिरत नाय," काका म्हणाले, आणि पातेल्याचं झाकण घेऊन धुक्याकडे तोंड करून बडवू लागले.

रडार अजूनही रिकामंच होतं.