बातमी बरोबर होती

"थांब जरा," डाव्या हाताचा तळवा माझ्या दिशेने उभा करून ते म्हणत. "अजून शेजाऱ्यांपर्यंत आलो नाही."

उजव्या हातात फोन, फोनच्या पलीकडे सुदानमधलं खार्तूम. माझ्यासमोर घड्याळ, आणि बुलेटिनला सात मिनिटं. मला त्यांच्याकडून एकच शब्द हवा असे, हो किंवा नाही. पूल सेनेच्या ताब्यात आहे का? हो किंवा नाही. तो शब्द मिळायच्या आधी त्यांना पलीकडच्या माणसाची तब्येत, मग त्याच्या आईची, मग मुलांची, मग झोपेची, मग घराची आणि शेवटी शेजाऱ्यांची चौकशी करायची असे. मी एकदा मोबाइलवर वेळ लावून पाहिली. सहा मिनिटं वीस सेकंद. त्यानंतर लाइन तुटली. प्रश्न विचारायचा राहिलाच होता.

दोहातल्या त्या इंग्रजी न्यूजडेस्कवर सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मूळचे सुदानचे, साठीला आलेले, उंच, कायम इस्त्रीचा शर्ट. हुद्दा भाषांतरकाराचा होता. सुदानमध्ये युद्ध सुरू झालं, कालपर्यंत एकाच सरकारच्या दोन हातांसारखी असलेली सेना आणि निमलष्करी दल एकमेकांवर उलटले, आणि उस्तादांचं काम बदललं. राजधानी खार्तूममध्ये आमचा माणूस राहिला नव्हता. दोन्ही बाजू रोज एकच पोलीस ठाणं जिंकल्याचं सांगत. खरं काय ते उस्तादांनी फोनवरून काढायचं, असं ठरलं.

त्यांना थोडं मराठी येई. तरुणपणी पुण्यात शिकायला होते, कॅम्पात एका बाईंच्या घरी खोली घेऊन. तिथून ते तीन वाक्यं घेऊन परतले: "थांब जरा", "पाणी गेलं" आणि "उद्या बघू". एवढ्यावर चार वर्षं निघाली, असं ते सांगत. मला ते पटतं. माझ्याशी बाकी सगळं इंग्रजीत चाले. अडवायचं असलं की मराठी.

बातम्यांतले युद्धाचे नकाशे तुम्ही पाहिले असतील. आमचा नकाशा इरफान करायचा. इरफान दापोलीकडचा, माझ्या मागच्या टेबलावर बसणारा. सेनेचा भाग हिरवा, निमलष्करी दलाचा नारिंगी, लढाई चालू असेल तिथे करडा. गल्ली गल्ली रंगवलेला तो नकाशा दिवसातून चारदा बदले, आणि रंग बदलायच्या आधी इरफानला माझा होकार लागे. मला उस्तादांचा.

"ताई," इरफान मागून हळूच म्हणे, "उस्तादांचा सलाम आटपला काय? का अजून बकरीची तब्येत चाललीय?"

"बकरी झाली. आता कोंबड्या."

उस्तादांना आमचं भराभर मराठी कळत नसे, पण सूर कळे. फोन न सोडता ते मान हलवत.

शब्दांवरून आमची रोज जुंपे. मी लिहायची, सेनेने अमुक वस्ती जिंकली. ते पाठीमागे येऊन वाचत.

"तिथे नळाला पाणी आहे?"

"उस्ताद, ही पाणीपुरवठा खात्याची बातमी नाही."

"नळाला पाणी नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, पिठाची गिरणी बंद. मग त्यांनी जिंकलं काय?"

"वस्ती."

"वस्ती म्हणजे माणसं. माणसं आहेत का तिथे?"

मी 'जिंकली'चं 'ताब्यात घेतली' करायची. तेवढ्यात बुलेटिन सुरू झालेलं असे. वृत्तसंपादकांचा फोन मला येई, उस्तादांना नाही.

एकदा त्यांनी फोन ठेवला आणि सांगितलं, नदीपलीकडच्या ओम्दुरमानमधली अमुक गल्ली रिकामी झाली आहे. कोण म्हणालं, मी विचारलं. कोणी नाही, ते म्हणाले. एका बाईने सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. तब्येत ठीक, मुलं ठीक, घर ठीक. शेजाऱ्यांचं विचारल्यावर ती बोलायची थांबली आणि मग पुन्हा स्वतःच्या तब्येतीवर आली. फोन दुसऱ्या कोणाच्या हातात असेल, समोर कोणी उभा असेल, म्हणून ती सांगणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी ती बातमी लावली नाही. गप्प बसण्याला सोर्स म्हणता येत नाही. दोन दिवसांनी तिथून निघालेल्या लोकांचे व्हिडिओ आले, तेव्हा लावली. उस्तादांनी पुढचा फोन लावला. त्याचाही मला राग आला.

त्यांची थोरली बहीण खार्तूमच्या उत्तर भागात, बहरीत राहायची. निवृत्त इंग्रजी शिक्षिका, एकटी. दीड वर्ष ती त्याच घरात राहिली. समोरच्या गच्चीवर आधी एका बाजूचे बंदूकधारी होते, नंतर दुसऱ्या. ती स्वयंपाकघरात जमिनीवर झोपे, कारण त्या खोलीची एकही भिंत बाहेरच्या बाजूला नव्हती. शेवटी उस्तादांनी तिला कसंबसं बाहेर काढलं आणि उत्तरेला तीन तासांवरच्या गावी चुलतभावाकडे पोचवलं. तिथून ती आमचं चॅनल बघे आणि स्क्रीनखालच्या पट्टीतल्या व्याकरणाच्या चुका भावामार्फत मला कळवे. चुका खरोखर असत.

दोहात, मदिनत खलीफा भागातल्या त्यांच्या भाड्याच्या व्हिलात उस्तादांनी तिच्यासाठी एक खोली तयार ठेवली होती. नवा एसी, नवी गादी. व्हिसाची कागदपत्रं झाली होती. ती म्हणे, घर एकदा डोळ्यांनी बघते, कुलूप लावते, मग येते. उस्तादांनी तिला बजावलं होतं: माझ्या नकाशावर तुझी गल्ली हिरवी होईल तेव्हाच निघ, तोवर पाऊल उचलू नकोस. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. खासगी गोष्ट होती.

त्या दुपारी सेनेने बहरीचा तो भाग घेतल्याचं जाहीर केलं. दोन वृत्तसंस्थांनी तेच दिलं. पुलावर उभ्या सैनिकांचा व्हिडिओ आला, तो आम्ही तपासला. उस्ताद फोनवर होते, बहिणीच्या शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याशी. झोपेपर्यंत पोचले होते. चारला पाच मिनिटं कमी होती.

"ताई, हिरवा भरू काय?" इरफान म्हणाला.

मी उस्तादांकडे पाहिलं. तळवा वर आला.

"उस्ताद, खलास," मी म्हणाले. "तीन सोर्स आहेत. मी थांबणार नाही."

"थांब जरा."

"भर," मी इरफानला म्हटलं.

चारच्या बुलेटिनला नकाशा गेला. चार वाजून सहा मिनिटांनी उस्तादांनी फोन ठेवला.

"गल्ली सेनेकडे आहे," ते म्हणाले. "पण तिथे कोणी राहू शकत नाही. अंगणाअंगणांत न फुटलेले गोळे पडलेत. म्हातारा म्हणतो, तो स्वतः घरापर्यंत जाऊन पुलापलीकडे परत आला." मग त्यांनी माझा स्क्रीन पाहिला. "गेला का हा?"

"चारला."

त्यांनी लगेच चुलतभावाच्या घरी फोन लावला. तब्येत नाही, मुलं नाहीत, झोप नाही. पहिलंच वाक्य: ती कुठे आहे? चुलतभावाच्या बायकोने उचलला होता. दक्षिणेला, बहरीकडे जाणारा एक पिकअप दारात थांबला होता, तिने सांगितलं, आणि त्या आत्ताच त्यात बसून गेल्या. थांबवायचा प्रयत्न केला, पण त्या म्हणाल्या, भावाच्या चॅनलने सांगितलंय.

मोबाइल तिच्याकडे होता. लागत नव्हता. गाव सुटलं की वाटेत रेंज नव्हती, आणि बहरीत टॉवर उभे नव्हते.

एकोणीस दिवस काही कळलं नाही.

त्या एकोणीस दिवसांत उस्ताद रोज वेळेवर येत. इस्त्रीचा शर्ट. त्याच लोकांना फोन, त्याच क्रमाने चौकशा. फक्त शेवटी एक प्रश्न वाढला होता: चष्मा लावणारी, उंच, साठीच्या पुढची बाई कोणी पाहिली का? मी घड्याळाकडे बघणं सोडलं. ते त्यांच्या लक्षात आलं आणि आवडलं नाही.

"तुला बुलेटिन आहे," ते म्हणाले.

"असू दे."

"असू दे कसं? काम कर."

त्यांनी चिडावं, असं मला वाटत होतं. आरडाओरडा करावा, माझी तक्रार करावी. एका दुपारी कँटीनमध्ये मीच विषय काढला. त्यांनी चहात साखर घातली, ढवळली.

"बातमी बरोबर होती," ते म्हणाले.

मी परत जाऊन ती काढून वाचली. बरोबर होती. सेनेने घेतली, असं लिहिलं होतं, आणि सेनेने घेतली होती. राहण्याजोगी आहे, असं कुठे म्हटलं नव्हतं. चूक असती तर दुरुस्ती दिली असती. चूक नव्हती, म्हणून द्यायला काही नव्हतं.

विसाव्या दिवशी एका मदतकार्यकर्त्याच्या सॅटेलाइट फोनवरून बहीणच बोलली. जिवंत होती, घरी होती. घराला दार नव्हतं. लुटारूंनी चौकटीसकट नेलं होतं. नळ, पंखे, भिंतीतल्या तारासुद्धा ओढून काढल्या होत्या. अंगणातला एक गोळा सैनिकांनी उचलून नेला, दुसरा नेतील म्हणाले होते. उस्तादांनी सांगितलं, बाहेर पड, व्हिसा तयार आहे. ती म्हणाली, उघडं घर टाकून कशी येऊ?

तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. मी त्यांच्याशी भांडले. निवासाचा परवाना जाईल, या वयात परत मिळायचा नाही, जिंकलेल्या शहरात पाणी नाही हे तुम्हीच मला वर्षभर शिकवलं, आणि आता तिथेच निघालात.

"एक दार बसवायचं आहे," ते म्हणाले. "बसवतो, तिला घेतो, येतो. दोन महिने."

"तिथे सुतार असेल का?"

"उद्या बघू."

इरफान त्यांना दोहाच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेला. बिजागऱ्या, कडी, कुलूप, स्क्रूंचा डबा. लाकूड तिथेच मिळेल, असं त्यांना वाटत होतं. तिथे पोचल्यावर ते मिळायला तीन महिने गेले.

दार बसलं, असा निरोप आला तेव्हा मी डेस्कवर होते. पुढचा निरोप तासाभराने आला. बहीण म्हणते, आता दार आहे, मग जायचं कशाला?

मी संतापून लांबलचक उत्तर लिहिलं. व्हिसाची मुदत, खोली, एसी, सगळं. मग ते पुसलं आणि विचारलं, तुम्ही तरी येताय का? ते म्हणाले, हिला एकटं टाकून कसा येऊ? व्हिलाचा मालक घाई करत होता, म्हणून इरफान आणि मी जाऊन खोली रिकामी केली. गादीवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी एक फोटो पाठवला. नवं दार, रंग न दिलेलं, वरच्या कोपऱ्यात जरा वाकडं, बंद. त्याच्यासमोर, बाहेर, उपड्या डब्यावर त्यांची बहीण बसली आहे. चष्म्याची एक काच तडकलेली. हातात किल्ली.

त्या आत का बसत नाहीत, मी विचारलं.

"दिवसातून पाच-सहा वेळा कुलूप लावते," उस्तादांनी लिहिलं. "मग उघडते. मग पुन्हा लावते. आत काहीच नाही. मी सांगून पाहिलं."